भ्रूणाच्या रिपोर्टवर हुशारीचा आकडा आलाय, तो बघू का?

पत्र (थोडं लहान केलंय):

"ताई, मी ३४ वर्षांची आहे. चार वर्षं वाट बघून शेवटी आयव्हीएफ करतोय. पाच भ्रूण तयार झालेत, सगळे फ्रीझ करून ठेवलेत. नवऱ्याने एका कंपनीकडून त्यांची जनुकीय तपासणी करून घेतली. सह्या मीही केल्या, पण खरं सांगायचं तर नीट वाचलं नव्हतं. आजारांच्या धोक्यासोबत त्यात प्रत्येक भ्रूणाच्या बुद्धिमत्तेचा अंदाजही दिलाय. त्याने फाईल बघितली, मी अजून उघडली नाहीये. तो म्हणतो तीन नंबरचा घेऊ, जे आपल्या हातात आहे ते मुलाला न देणं हाच अन्याय, आणि दुसऱ्या मुलाच्या वेळेपर्यंत तर सरळ एडिटच करता येईल. त्याला शाळेत सगळे ढ म्हणायचे, ते तो अजून विसरलेला नाही. मला हुशारीचं एवढं काही नाही, माझी भीती वेगळी आहे. माझे बाबा फार मारायचे, आईलाही आणि आम्हालाही. आजोबाही तसेच होते म्हणतात. गेल्या महिन्यात इंजेक्शनं चालू असताना मी कशावरून तरी चिडून कपाटाचं दार इतक्या जोरात आपटलं की काच फुटली. मग तिथेच बसून रडले, काचा गोळा केल्या, नवऱ्याला सॉरी म्हणाले. तेव्हापासून वाटतंय की हे माझ्या रक्तात आहे आणि बाळात उतरणार. हुशारीचा आकडा निघतो तर स्वभावाचा का नाही? उद्या माणसाला शांत आणि दयाळू करणारी गोळी किंवा एडिटिंग निघालं तर मी सगळ्यात आधी रांगेत उभी राहीन. हे चुकीचं आहे का? पुढच्या मंगळवारपर्यंत डॉक्टरांना कुठला भ्रूण ते सांगायचंय. फाईल उघडू का?"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या काचेपाशी थांबले. तिच्याकडे येतेच, पण मंगळवार जवळ आलाय म्हणून आधी फाईलचं बोलते. उघडू नकोस. आणि त्या आकड्यावरून भ्रूण निवडूही नका. निसर्गाच्या कामात ढवळाढवळ नको असलं काही मी सांगणार नाहीये, ते मला स्वतःलाच पटत नाही, आयव्हीएफ हीच केवढी मोठी ढवळाढवळ आहे आणि १९७८ साली पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं तेव्हापासून तिच्यामुळे लाखो घरांत मुलं आलीयेत. माझी कारणं वेगळी आहेत.

तो आकडा येतो कुठून ते आधी बघ. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी काढतात, त्यांचा डीएनए वाचतात, आणि मोठमोठ्या अभ्यासांमध्ये जे बारीक बारीक फरक सापडलेत त्यातले यात किती आहेत याची बेरीज करतात. म्हणजे हुशारीचं एक जनुक आहे आणि ते तीन नंबरमध्ये आहे असं अजिबात नाही. २०१८ साली जवळपास ११ लाख लोकांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शिक्षणाशी संबंध दिसणारे १२७१ फरक सापडले, एकेकाचा परिणाम म्हणशील तर शाळेतल्या एक-दोन आठवड्यांएवढा, आणि सगळं मिळून माणसामाणसातल्या फरकाचा फार तर ११ ते १३ टक्के भाग त्यातून कळत होता. आणि तिथे मुळात मोजलं काय होतं, तर माणूस किती वर्षं शिकला. कोणाला शाळा सोडून कामाला लागावं लागलं, कोणाच्या घरी अभ्यासाला जागा होती, हे सगळं त्यात आलंच की. एकाच आईबापाच्या मुलांमध्ये तुलना केली की हा अंदाज आणखी ढेपाळतो, आणि तुम्हाला तर नेमकी तीच तुलना करायचीये, सख्ख्या भावंडांमधली. शिवाय हा डेटा बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे, इतरांसाठी तो अजूनच कच्चा.

२०१९ मध्ये काही संशोधकांनी नेमका तुमचाच प्रश्न घेतला होता की असा सगळ्यात वरचा भ्रूण निवडला तर फायदा किती. दहा भ्रूण हाताशी आहेत असं धरलं तरी बुद्ध्यंकात साधारण अडीच गुण. तुमच्याकडे पाच आहेत. आणि एकाच माणसाने तीच परीक्षा दोनदा दिली तरी यापेक्षा जास्त फरक पडू शकतो. त्यांनी अजून एक गोष्ट करून बघितली जी मला फार बोलकी वाटते, २८ मोठी कुटुंबं घेतली जिथे मुलं कधीच मोठी झालेली होती, आणि डीएनए बघून सांगितलं की यातला सगळ्यात उंच कोण निघायला हवा. २८ पैकी फक्त ७ घरांत तो खरंच सगळ्यात उंच होता. आणि ही उंची आहे, जी पट्टी लावून मोजता येते.

बरं, शिक्षणाचा आकडा वर नेणाऱ्या फरकांचा बायपोलर (मूड टोकाला जाण्याचा आजार) आणि ॲनोरेक्सिया (खाणंच टाळण्याचा आजार) यांच्या धोक्याशीही थोडा संबंध दिसलाय. डीएनएमध्ये एका बटणाला एकच दिवा असं नसतं. उंदरांचं उदाहरण मला नेहमी आठवतं, १९९९ मध्ये प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत एनआर२बी नावाचं जनुक वाढवून उंदीर तयार केले जे पटकन शिकायचे आणि जास्त दिवस लक्षात ठेवायचे, जगभर गाजावाजा झाला. दोनच वर्षांनी दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की त्या उंदरांना लांबलेलं दुखणंही जास्त जाणवतं. ज्या रस्त्याने आठवण पक्की होते त्याच रस्त्याने वेदनाही पक्की होत होती. तुझा नवरा जे एडिटिंग म्हणतोय ना, त्याला एवढं एक सांग. २०१८ मध्ये चीनमध्ये 'हे जियानकुई' नावाच्या शास्त्रज्ञाने जुळ्या मुलींचा डीएनए भ्रूणातच बदलला, एचआयव्ही होऊ नये म्हणून, जगातल्या शास्त्रज्ञांनी डोक्याला हात लावला आणि त्याला ३ वर्षांचा तुरुंगवास झाला. शास्त्रज्ञ हादरले कारण त्या मुलींना आणि पुढे त्यांच्या मुलांनाही काय होईल हे कोणालाच माहीत नव्हतं आणि विचारायला त्या जन्मलेल्याही नव्हत्या. आजारी माणसाच्या रक्तपेशी बाहेर काढून, दुरुस्त करून परत त्यालाच देणं वेगळं, सिकल सेल या रक्ताच्या आजारासाठी तसा उपचार २०२३ मध्ये मंजूरही झालाय आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. तिथे माणूस समोर आहे, दुखणं खरं आहे, आणि त्याने हो म्हटलंय.

पण समजा आकडा अगदी पक्का असता, तर? तरी मी हेच म्हटलं असतं. डोळ्यांसमोर आण. तीन नंबरचं बाळ जन्मलं, सात वर्षांचं झालं, एका संध्याकाळी वहीवर डोकं टेकून बसलंय, वजाबाकी जमत नाहीये. तुझ्या नवऱ्याला त्या क्षणी काय आठवेल? फाईल. अरे तुझा तर सगळ्यात वर होता. तो तोंडाने म्हणणार नाही, पण पोरांना आपले चेहरे वाचता येतात, तुला हे मी सांगायला नको, तू बाबांच्या पावलांचा आवाज ऐकून मूड ओळखणाऱ्या घरात वाढलीयेस. आणि उलट झालं, डॉक्टरांनी काही वेगळ्या कारणाने पाच नंबरचा सुचवला, तर त्या बाळाकडे बघताना आपण खालचा घेतला असं कायम मनात राहील. एकदा वाचलेला आकडा विसरता येत नाही.

इतिहासात एक मुलगी होऊन गेली, व्हिव्हियन तिचं नाव. तिची आई कॅरी बक हिला अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये मंदबुद्धी ठरवून संस्थेत ठेवलं होतं, खरं तर तिच्यावर बलात्कार झाला होता आणि लोकांना ते प्रकरण नजरेआड करायचं होतं. तिची नसबंदी करायची तर पुढची पिढीही तशीच निघणार हे कोर्टात दाखवायला हवं होतं, म्हणून काही महिन्यांच्या व्हिव्हियनला बघून एका बाईने साक्ष दिली की हिच्या दिसण्यात काहीतरी बरोबर नाहीये. बस, तेवढंच. काही महिन्यांचं बाळ! १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी नसबंदीला परवानगी दिली, आणि त्या देशात पुढच्या काही दशकांत ६० हजारांवर माणसांची अशी नसबंदी झाली, हे सगळं मानवजात सुधारायच्या नावाखाली. व्हिव्हियन पुढे शाळेत गेली, आणि एका सत्रात तिचं नाव चांगल्या मार्कांच्या मुलांच्या यादीत लागलं. आठव्या वर्षी ती आजाराने गेली.

तुम्ही असलं काही करताय असं मी अजिबात म्हणत नाहीये, तिथे सरकारची जबरदस्ती होती, इथे दोन घाबरलेले आईबाप आहेत, फरक जमीन-अस्मानाचा आहे. पण ती नजर मला ओळखीची वाटते, बाळाकडे बघून हे कुठपर्यंत जाईल ते ठरवणारी. आणि नवऱ्यावर रागावू नकोस गं. ज्या पोराला अख्ख्या वर्गाने ढ ठरवलं होतं त्याला आपल्या बाळाला त्यातून वाचवायचंय, यात प्रेमच आहे. फक्त त्याला शांतपणे विचार की तुला तेव्हा नक्की काय हवं होतं, जास्त बुद्धी, की ढ न म्हणणारं एक तरी माणूस? कारण आज चार भ्रूणांना तो न बघताच ढ म्हणतोय. हे त्याला टोचेल, पण तुझ्याकडून ऐकलं तर ऐकेल.

आता तुझं. स्वभावाचा आकडा का नाही निघत असं विचारलंयस. शोधून झालंय. १९९३ मध्ये एका डच कुटुंबातल्या काही पुरुषांमध्ये एमएओए नावाचं जनुक पूर्ण बंद पडलेलं सापडलं आणि ते पुरुष एकाएकी हिंसक व्हायचे, पण हे अतिशय दुर्मिळ. त्याच जनुकाचा जो मंद चालणारा प्रकार असतो तो मात्र भरपूर लोकांत असतो, आणि ते सगळे काही मारामाऱ्या करत फिरत नाहीत. २००२ मध्ये न्यूझीलंडमध्ये लहानपणापासून ज्यांची नोंद ठेवली होती अशा मुलग्यांचा अभ्यास आला, त्यात दिसलं की या मंद प्रकाराने एकट्याने फारसं काही होत नाही, लहानपणी ज्यांचे हाल झाले, मार खाल्ला, त्यांच्यात मात्र त्याचा परिणाम दिसतो. नंतरच्या अभ्यासांत निकाल थोडे पुढेमागे झाले, त्यामुळे ब्रह्मवाक्य म्हणून घेऊ नकोस. पण बघ ना, रक्तात काही असलंच तरी त्याला जागं करायला मार लागला. आणि तुझ्या बाळाला मार मिळणार नाहीये. तुझ्या आजोबांकडून बाबांना जे आलं त्यात रक्त किती आणि पट्टा किती हे कोणाला सांगता येणार आहे?

आता ती काच. तू दार आपटलंस. इंजेक्शनं चालू होती, हार्मोन्सनी शरीराची दशा झालेली, चार वर्षांचं ओझं. काच फुटली. मग तू खाली बसलीस, रडलीस, स्वतःच्या हाताने तुकडे उचललेस, आणि ज्याला घाबरवलं त्याला सॉरी म्हणालीस. तुझ्या बाबांनी कधी काचा उचलल्या होत्या का? तुमच्यापैकी कोणाला कधी सॉरी म्हणाले होते? तुझ्या पत्रात तरी तसं काही नाही. राग तुझ्याकडे त्यांच्याकडून आला असेलही, पण काचा उचलणं तुझं तू मिळवलंयस. माझ्या मते नीती नीती म्हणतात ती हीच, आपण काय केलं ते दिसणं, त्याची लाज वाटणं आणि मग वाकून ते निस्तरणं, आणि हे करायला राग कधीतरी आलेला असावा लागतो.

म्हणूनच दयाळू करणाऱ्या गोळीबद्दल मला धास्ती आहे. कल्पना नवीन नाहीये, आणि ती मांडणारे मूर्खही नाहीत. इंगमार पर्सन आणि ज्युलियन सावुलेस्कू हे दोन तत्त्वज्ञ २००८ पासून सांगतायत की माणसाची ताकद फार वाढलीये आणि चांगुलपणा तेवढाच राहिलाय, एखादा हुशार दुष्ट माणूस आज लाखोंना मारू शकतो, तेव्हा नुसती हुशारी वाढवणं धोक्याचं आहे, आधी नीती वाढवायचे उपाय शोधा, अगदी औषधांनी जमत असेल तरी. भीती खरी आहे, ते मी नाकारत नाही. आणि शरीरातली रसायनं वागणं बदलतात हेही खरंच, पार्किन्सनच्या काही औषधांनी आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेले लोक जुगारात बुडालेत, औषध कमी केलं की पुष्कळदा ते थांबतंही.

पण 'चांगलं' म्हणजे नक्की काय वाढवायचं? २०१० मध्ये सिटालोप्राम या डिप्रेशनच्या औषधावर एक प्रयोग झाला, साध्या निरोगी लोकांना एकेक डोस दिला. एकाला मारून पाच वाचवायचे का, अशा अवघड प्रश्नांवर हे लोक दुसऱ्याला स्वतःहून इजा करायला जास्त नकार द्यायला लागले. वा, गोळीने माणूस दयाळू झाला! पण त्याच प्रयोगात दुसरा खेळ होता, पैसे वाटून घ्यायचा, समोरचा स्वतःकडे मोठा वाटा ठेवून तुला चिल्लर देतो, तू नाही म्हटलंस तर दोघांनाही काही नाही. तर तेच लोक अन्यायाची वाटणीसुद्धा जास्त मुकाट स्वीकारायला लागले. इजा करणं नको वाटायला लागलं आणि अन्याय करणाऱ्याला धडा शिकवणंही नको वाटायला लागलं, दोन्ही एकाच गोळीत.

हे वाचलं तेव्हा मी दचकले, कारण मी स्वतः दीड वर्ष डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्यात. त्यांनी मला वाचवलं, अंथरुणातून उठवलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि हे वाचून कोणी आपल्या गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अजिबात नाही. पण त्या काळातली एक दुपार लक्षात आहे. सहा महिने खपून केलेलं माझं काम मीटिंगमध्ये दुसऱ्याच्या नावाने मांडलं गेलं, पडद्यावर माझेच तक्ते, माझेच शब्द, आणि मी समोर बसून शांतपणे पाणी पीत होते. काही वाटलंच नाही. शेजारची मैत्रीण माझ्याकडे बघत होती की ही आता बोलेल, आता बोलेल. गोळीने झालं की आजाराने, सांगता येणार नाही. पण वर्षभराने, गोळ्या बंद झाल्यावर, एका रात्री भांडी घासताना मला त्या मीटिंगचा राग आला, असा आला की हात थरथरले, आणि दुसऱ्या दिवशी मी जाऊन बोलले. तो राग परत आला तेव्हा मी परत आले असं मला वाटलं. माझं गोळी घेणं मी ठरवलं होतं, थांबवणंही मी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं. जन्माआधीच शांत करून ठेवलेल्या बाळाला ती रात्र कधी मिळालीच नसती.

आणि चांगलं कोणी ठरवायचं हा तर सगळ्यात अवघड प्रश्न. १९५२ मध्ये ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाला, ज्याने महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश फोडायला मदत केली होती, इंग्लंडच्या कोर्टाने पुरुषावर प्रेम केलं म्हणून दोषी ठरवलं आणि तुरुंग नको असेल तर हार्मोन्सचा उपचार घे म्हणाले. वर्षभर त्याच्या शरीरात ते औषध गेलं. दोन वर्षांनी तो वारला. २०१३ मध्ये त्याला मरणोत्तर माफी मिळाली. त्या उपचाराला तेव्हा कोणी छळ म्हणत नव्हतं, त्यांच्या लेखी ती सुधारणाच होती. आज आपण ज्याला चांगला स्वभाव म्हणतो त्यातलं काय ७० वर्षांनी लाजिरवाणं ठरेल हे मला सांगता येत नाही, तुलाही नाही, आणि म्हणून ते दुसऱ्याच्या शरीरात कायमचं कोरून ठेवायचा हक्क मला नकोय. मुलाने उद्या आपल्याशी भांडून म्हणावं की आई तू चुकतेस, आणि ते बरोबर असावं, एवढी जागा त्याला हवी. संस्कार आपण करतोच, पण संस्कार झुगारता येतात, तू झुगारलेसच की, मारणाऱ्या घरात वाढून.

मग मेंदू चांगला व्हावा म्हणून काहीच करू नये का? भरपूर करावं, आणि माणसाने ते केलंयही. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ पासून मिठात आयोडीन घालायला लागले, मग देशोदेशी पसरलं, आणि आयोडीन न मिळाल्यामुळे ज्यांची बुद्धी गर्भातच खुंटली असती अशी असंख्य मुलं नीट वाढली. पेट्रोलमधल्या शिशाने मुलांचा बुद्ध्यंक घटायचा आणि उतावळेपणा, आक्रमकपणा वाढायचा, म्हणजे हुशारी आणि वागणं दोन्हीवर घाला, ते शिसं गाड्यांच्या पेट्रोलमधून हटवायला २०२१ उजाडलं, शेवटचा देश अल्जीरिया. यात कोणाचा भ्रूण वरचा आणि कोणाचा खालचा असा प्रश्नच आला नाही, सगळ्यांच्या मुलांना मिळालं. ज्याला परवडतं त्याच्याच मुलाचा आकडा वाढवायचा या कल्पनेपेक्षा हे मला हजारपट जास्त मानाचं वाटतं. तुझ्या नवऱ्याला बाळाच्या मेंदूसाठी काहीतरी करायचंच असेल तर त्याला हे काम दे: तुझा थायरॉइड तपासलाय का, आयोडीन पुरेसं जातंय का, फॉलिक ॲसिड चालू आहे का हे डॉक्टरांना विचारायचं, आणि घराला जुना रंग असेल तर त्यात शिसं आहे का ते तपासून घ्यायचं.

आता या आठवड्याचं. डॉक्टरांना स्पष्ट सांग की बुद्धिमत्तेचा आकडा बाजूला ठेवा आणि कुठला भ्रूण रुजायची शक्यता जास्त आहे, कुठल्यात गुणसूत्रांचा दोष नाही, तेवढ्यावर सुचवा. तुमच्या दोघांच्या घराण्यात एखादा गंभीर एका जनुकाचा आजार असेल तर त्याची तपासणी जरूर बघा, ती वेगळी गोष्ट आहे, तिथे अंदाज बराच पक्का असतो. कंपनीला लेखी विचारा की आमच्या भ्रूणांचा डेटा कोण ठेवतंय, किती दिवस, आणि पुसून टाकता येईल का, कारण ती माहिती तुमची जेवढी तेवढीच त्या न जन्मलेल्या माणसाची आहे. नवऱ्याने बघितलंय ते आता न बघितल्यासारखं होणार नाही, पण त्याला म्हण की ते आकडे मला सांगू नकोस, बाळालाही कधी नाही, आणि फाईल दोघांनी मिळून डिलीट करू.

आणि स्वतःसाठी एका समुपदेशकाकडे जा, बाळ यायच्या आधी. तू वाईट आहेस म्हणून नाही. मार खाल्लेल्या माणसाला आपलंच बाळ रात्री तीन वाजता तासभर रडत असताना काय होतं ते मी जवळून बघितलंय. एका मैत्रिणीने मला तिची युक्ती सांगितली होती, अंगात ते चढायला लागलं की बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवायचं, दार लोटून बाहेर यायचं, नवऱ्याला उठवायचं आणि एवढंच म्हणायचं, तू घे. हे दोन शब्द दोघांनी आत्ताच ठरवून ठेवा, त्याने विचारायचं नाही का, किती वेळ, फक्त उठायचं.

मंगळवारी डॉक्टर काय म्हणाले ते कळव, मी वाट बघते. आणि ती काच अजून बसवली नसशील तर बसवून घे.